माहेरच्या नावाने नोटीस

माझ्या ताईला दोन नावं आहेत. एक आईवडिलांनी ठेवलेलं, दुसरं लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं. आपल्याकडे यात नवल ते काय! तांदळाचं ताट येतं, नवरदेव अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, बायका खिदळतात, कोणीतरी "मोठ्याने वाचा" म्हणतं, की झालं. ताईच्या लग्नात ते ताट मी धरलं होतं. तेव्हा कॉलेजात होतो, दोन दिवस नुसती धावपळ झाली होती, आणि ताट कधी एकदा खाली ठेवतो असं झालं होतं.

लग्न लखनौलाच झालं, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये. वडील रेल्वेत इंजिनिअर. मूळचे आम्ही वाईकडचे, पण वडिलांची बदली होऊन इथे आलो ते इथलेच झालो. नवरा मात्र सांगलीचा शोधला, कारण आईला पोरगी "तिकडे" द्यायची होती. क्वार्टरच्या शेजारच्या चाची ताटावर वाकून म्हणाल्या, "हाय राम, लड़की का नाम ही बदल दिया? अब हम बिटिया को बुलाएँ क्या कह के?" सगळे हसले. इकडे लग्नानंतर फार तर आडनाव बदलतं, नाव कोणी बदलत नाही. त्यामुळे झालं असं, की लखनौच्या कागदांवर ताई जन्मनावाने राहिली आणि सांगलीच्या कागदांवर दुसऱ्याच नावाची बाई उभी राहिली. दोघी एकच आहेत हे सांगणारा एकही सरकारी कागद नाही. तेव्हा हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्या ते अडतीस वर्षांनी ध्यानात आलं, आणि मी त्याचा फायदा घेतला.

आधीच सांगून टाकतो, आडपडदा नको. आईच्या नावावरचं घर मी कोर्टात खोटं सांगून एकट्याच्या नावावर करून घेतलं. बहीण सख्खी, तीही एकुलती एक. मी बँकेत अधिकारी आहे, लोकांच्या सह्या तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. एखादा ग्राहक असं काही करताना सापडला असता तर मी त्याला काउंटरवरच झापलं असतं.

घर म्हणजे काही महाल नाही. वडिलांनी निवृत्तीनंतर मानक नगरजवळच जागा घेऊन बांधलेलं, खाली तीन खोल्या, वर गच्ची. आईच्या नावावर केलं होतं. मागच्या खोलीला आई "ताईची खोली" म्हणायची. ताईचं लग्न घर बांधायच्या कितीतरी आधी झालेलं, त्या खोलीत ती सगळी मिळून दोन महिनेसुद्धा राहिली नसेल, पण तिथे दुसरं काही ठेवायची सोय नव्हती. मी एकदा जुना टीव्ही ठेवला तर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या डोक्यात ते गेलं ते तेव्हापासून.

वडील गेल्यावर अकरा वर्षं आईचं सगळं मी आणि माझ्या बायकोने केलं. शेवटची तीन वर्षं तर ती अंथरुणालाच खिळलेली. भांडं देणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं. आणि इतकं करून आईच्या तोंडी काय? "ताई असती तर." ताई सांगलीहून फोन करायची, आईला बरं वाटायचं, दिवसभर तेच पुराण. जो जवळ असतो त्याची किंमत शून्य असते हो! रागवायचो मी. आईवर रागावता येत नव्हतं म्हणून ताईवर रागवायचो, मनातल्या मनात. ती बिचारी तिकडे सासूचं करत होती, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

एकदा, जाण्याच्या महिनाभर आधी, आई म्हणाली, "घर तुझंच आहे रे. जरा पाणी दे." बस, एवढंच. पाणी दिलं, ती झोपली. नंतर वकिलाने याच वाक्याचा "मौखिक पारिवारिक बंटवारा", म्हणजे आईने तोंडी करून दिलेली वाटणी, असा अर्थ केला आणि मी मान डोलावली.

आईच्या दिवसांना ताई आली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मागच्या खोलीत आईच्या साड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "घराचं काय करायचं ते तू ठरव. तू केलंस तिचं, मी कुठे नाही म्हणते? पण मला विचारून कर हं. परस्पर नको." मी म्हणालो, "अगं, तुला विचारल्याशिवाय कसं करेन?" तिने एक साडी स्वतःला घेतली, बाकीच्या माझ्या बायकोला दिल्या. विषय संपला.

मग मी वकिलाकडे गेलो. कैसरबागच्या चौकातून आत गेलं की कचहरीच्या आवारात लाकडी तख्तांची रांग, एकेका तख्तावर एकेक वकील, एकेक टाइपरायटर नाहीतर लॅपटॉप, आणि समोर आमच्यासारखे तोंड पाडून बसलेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. माझे वकीलसाहेब वयस्कर, बोलायला साखर. सगळं ऐकून म्हणाले, बहिणीची हरकत नसेल तर सोपं आहे, तिला बोलवा, जजसमोर बयान, म्हणजे जबाब, देतील, दोन-तीन तारखांत काम होईल. मी विचारलं, "और अगर वो न आएँ?" हा प्रश्न मी का विचारला? ती येणार नाही असं कोणी म्हटलं होतं? पण भीती होतीच मनात: आली, आणि जजसमोर म्हणाली की मला माझा हिस्सा हवा, तर? तिचा मुलगा पुण्यात, हुशार, तो सोडेल का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

वकीलसाहेबांनी कागद पुढे ओढला. "बहन का नाम?"

मी जन्माचं नाव सांगितलं.

"शादीशुदा हैं? ससुराल का पता?"

तिचा पत्ता मला पाठ आहे. दर दिवाळीला मी लखनौहून रेवडीचं पार्सल पाठवतो, पिनकोडसकट हाताने लिहितो. मी म्हणालो, "ठीक से मालूम नहीं. बरसों से आना-जाना नहीं है."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या वकिलीत असं किती जणांनी सांगितलं असेल त्यांना! म्हणाले, "नहीं मालूम तो नहीं मालूम. आख़िरी पता जो मालूम हो, वो दे दीजिए." मी मानक नगरच्या जुन्या क्वार्टरचा नंबर दिला, जे आम्ही वडील निवृत्त झाले तेव्हा सोडलं होतं. हलफनाम्यावर सही केली. हलफनामा म्हणजे शपथेवर दिलेला कागद, त्यात खोटं निघालं तर गुन्हा होतो. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, बँकेत मी लोकांना तेच समजावतो.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. कोर्टाची काही चूक नाही. कोर्टाचा माणूस समन्स घेऊन त्या क्वार्टरवर गेला, तिथल्या लोकांनी नाही म्हणून हात हलवले, त्याने मागे लिहिलं की या नावाची महिला इथे राहत नाही. मग कोर्टाने पेपरात नोटीस छापायला सांगितलं. लखनौच्या एका हिंदी पेपरात ती आली, हरवलेल्या मार्कशीटच्या जाहिरातींच्या शेजारी, बोटभर. सांगलीत तो पेपर कोण वाचणार? आणि वाचला तरी त्या नावाने तिला तिथे ओळखतो कोण? तिच्या सुनेलाही ते नाव ठाऊक नसेल. मी सकाळी चहा घेताना ती नोटीस वाचली. ताईचं लहानपणचं नाव पेपरात छापलेलं मी दुसऱ्यांदा पाहत होतो. पहिल्यांदा ती बोर्डाच्या परीक्षेत कॉलनीत पहिली आली तेव्हा. मी पेपर घडी करून बायकोच्या नजरेआड ठेवला.

बायकोने तेव्हा विचारलं होतं, "ताईंना विचारलंत ना?" मी म्हणालो, "हो, बोललोय मी." उचलली जीभ लावली टाळ्याला.

समोरची बाजू आलीच नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला. मी पेढे आणले नाहीत एवढीच काय ती लाज.

पण खोट्याला पाय नसतात म्हणतात ना. भाऊबीजेला ताईचा फोन आला. दरवर्षी येतो, ती तिकडे चंद्राला ओवाळते आणि मला फोनवर आशीर्वाद देते. मी बाथरूममध्ये होतो, फोन बायकोने घेतला. तिला बिचारीला वाटलं ताईंना सगळं ठाऊक आहे. सहज म्हणाली, "बरं झालं हो ताई, घराचं काम झालं एकदाचं, कोर्टातून ह्यांच्या नावावर आलं. तुम्हाला कागदबिगद पाठवले का ह्यांनी?" मी बाहेर आलो तेव्हा ही फोन हातात धरून उभी. म्हणाली, "ताई काहीच बोलल्या नाहीत. 'बरं' म्हणाल्या आणि ठेवला." मग माझ्या तोंडाकडे बघितलं तिने. बायकोला काही सांगावं लागत नाही. त्या दिवशी ती माझ्याशी एवढंच बोलली: "मला कशाला खोट्यात पाडलंत?"

मी ताईला उलटा फोन करायला हवा होता. नाही केला. आज करू, उद्या करू. महिन्याच्या आत मलाच कोर्टाची नोटीस आली. ताईचा अर्ज होता: मला या खटल्याची काहीच माहिती नव्हती, समन्स मिळालं नाही, भावाला माझा पत्ता माहीत असून त्याने चुकीचा दिला, सबब निकाल रद्द करावा. वकीलसाहेबांनी तो वाचून शांतपणे समजावलं. सगळं एका गोष्टीवर आहे. तिला आधीपासून माहीत नव्हतं हे सिद्ध झालं तर निकाल रद्द, आणि वर माझ्या हलफनाम्याची चौकशी. माहीत होतं असं निघालं तर तिचा अर्ज फेटाळला जाईल, आणि हलफनाम्याकडे कोणी वळून बघणार नाही. "और हलफनामे की जाँच में मेरा क्या होगा?" मी विचारलं. ते म्हणाले, "आप सरकारी बैंक में हैं न? दुआ कीजिए."

पहिल्या तारखेला ताई मुलाबरोबर आली. दोन दिवसांचा प्रवास करून. उतरली कुठे, तर चारबाग स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये. माहेर अर्ध्या तासावर आणि ही लॉजमध्ये! भाचा माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नव्हता. आत पेशकाराने, म्हणजे जजच्या समोर बसून फायली सांभाळणाऱ्या कारकुनाने, तिचं आधार कार्ड बघितलं आणि म्हणाला, "फाइल में तो दूसरा नाम है. आप कौन हैं?" ताई म्हणाली, "मैं ही हूँ वो." तो म्हणाला, "ऐसे थोड़े होता है माताजी." तिच्याकडे शाळेचा जुना दाखला होता, पण त्यावर जन्मनाव, आणि आधारवर सासरचं. दोन्ही हातात धरून उभी राहिली ती, एका हातात एक. शेवटी पेशकार माझ्याकडे वळला, "आप बताइए, यही हैं आपकी बहन?" मी हो म्हणालो. त्या खोलीत तिला लहानपणापासून ओळखणारा एकटा मी होतो! ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. मग जज रजेवर आहेत असं कळलं आणि पुढची तारीख पडली.

दुसऱ्या तारखेला ती एकटी आली. मुलाला रजा नव्हती. आमचा नंबर यायला वेळ होता. कॉरिडॉरमध्ये एकच बाक, त्याच्या एका टोकाला मी. ताई आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या शेजारी बसली. माझ्या वकिलाचा मुंशी धावत आला, "अरे भाई साहब, सामने वाली पार्टी के साथ मत बैठिए!" ताई त्याला म्हणाली, "बेंच तेरे बाप का है क्या?" अस्सल लखनौत वाढलेली पोर ती, सांगलीने काही फरक पडलेला नाही. मुंशी निघून गेला. तिने पिशवीतून डबा काढला. दशम्या होत्या, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. माझ्या पुढे केला. मी घेतली. लाज सोडून खाल्ली, कारण नाही म्हणायचं तरी कुठल्या तोंडाने?

खाता खाता म्हणाली, "घर घेतलंस त्याचं मला काही नाही. खरंच सांगते. पण तू त्या कागदात लिहिलंस की माझा पत्ता माहीत नाही. पत्ता माहीत नाही? अरे, मी काय मेले होते का?"

मी दशमीचा पुढचा घास मोडला.

तेवढ्यात तिचा वकील आला. तरुण, उत्साही, केस जिंकल्यातच जमा अशा थाटात. मी कोण हे त्याच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलंही असेल आणि मुद्दाम बोलला असेल. म्हणाला, "माताजी, आज आपका बयान, बस. भाई साहब का हलफनामा झूठा निकला तो अलग से मुक़दमा चलेगा. नौकरी तो गई समझिए उनकी." आणि आत गेला.

ताईचा हात डब्यावरच थांबला. हे तिला माहीत नव्हतं. मुलाने सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. तिने विचारलं, "किती वर्षं राहिली तुझी?"

"अडीच."

"आणि पेन्शन?"

"तीही जाईल बहुतेक."

"मूर्खा," ती म्हणाली. डब्याला झाकण लावलं. "आईला कळलं असतं तर थोबाडलं असतं तुला." मी म्हणालो, "हो." मग आमचा पुकारा झाला.

जज एक तरुण मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. ताई साक्षीदाराच्या जागी उभी राहिली. माझ्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. लग्न कधी झालं, भाऊ फोन करायचा का, आईच्या दिवसांना आला होतात का. ती नीट उत्तरं देत होती. आता एक गोष्ट सांगतो, ती माहीत असल्याशिवाय पुढचं कळणार नाही. उलटतपासणीच्या शेवटी वकील आपल्या बाजूचं म्हणणं साक्षीदाराच्या तोंडावर ठेवतो, आणि साक्षीदार ते नाकारतो. कायमची रीत आहे. उत्तर इतकं ठरलेलं असतं, की टाइप करणारा त्याची वाट बघत नाही, "यह कहना गलत है कि" एवढं आधीच टाइप करून मोकळा होतो.

वकीलसाहेबांनी त्याच रीतीने, घड्याळाकडे बघत, विचारलं, "मैं आपसे कहता हूँ कि आपको इस मुक़दमे की जानकारी शुरू से थी."

टाइपिस्टची बोटं चालू झाली होती. ताई म्हणाली, "हाँ. थी."

टाइपिस्ट थांबला. वकीलसाहेबही थांबले, त्यांच्याकडे पुढचा प्रश्न तयारच नव्हता. ताईचा वकील उभा राहिला, "मैडम, ये घबरा गई हैं—" जजनी त्याला हाताने बसवलं. "माताजी, सोच-समझकर बोलिए. आपने हलफनामे में लिखा है कि जानकारी नहीं थी."

"बेटे ने लिखवाया था. मैंने दस्तख़त कर दिए. मुझे पता था."

"कैसे पता था?"

ताई जराही अडखळली नाही. "भाई ने फ़ोन किया था मुक़दमे से पहले. बोला, ताई, घर अपने नाम करवा रहा हूँ, तुम्हें कोई एतराज़ तो नहीं? मैंने कहा, कर ले. माँ का सब तूने ही किया है, कर ले."

तो फोन मी कधी केला नव्हता. आणि ती सांगत होती तसाच तो झाला असता, अगदी त्याच शब्दांत, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. एका फोनचं काम होतं. तिने नाही म्हटलं नसतं. मी ज्या बाईच्या भीतीने हे सगळं केलं तशी कोणी बाई नव्हतीच.

"आप पर कोई दबाव तो नहीं?" जजनी विचारलं. ताई नाही म्हणाली. मग मॅडमनी मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "आप भाई हैं? आपने फ़ोन किया था?"

ही माझी वेळ होती. हलफनामा हिस्सा जाण्याच्या भीतीने दिला, रागात दिला, वकिलाने सांगितलं म्हणून दिला, काहीही म्हणा. पण इथे कोणी घाई करत नव्हतं. पंखा चालू होता, बहीण तीन हातांच्या अंतरावर उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी खरं बोलावं असं वाटत असेल तिला? की नको बोलूस म्हणत होती? मी नाही म्हटलं असतं तर तिचा हिस्सा तिला मिळाला असता, आणि माझी नोकरी गेली असती.

मी म्हणालो, "जी मैडम. किया था."

मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. बयानाचा कागद छापून आला. पेशकाराने ताईला पेन दिलं, "यहाँ दस्तख़त कीजिए."

"कौन सा नाम लिखूँ?" तिने विचारलं.

"जो फाइल में है, वही."

अर्जावर वगैरे ती तिची नेहमीची सही करत आली होती, बँकेतली, सासरच्या नावाची, झरझर. आता पेन कागदावर टेकून तशीच राहिली. मग एकेक अक्षर सुटं सुटं काढत तिने नाव लिहिलं, शाळेतल्या पोरीच्या अक्षरात. मला ते अक्षर ओळखू आलं. माझ्या पाचवीच्या पुस्तकांवर नाव ताईच घालायची.

बाहेर आल्यावर तिचा वकील तिच्यावर भडकला आणि निघून गेला. मी मागून धावलो. म्हणालो, "ताई, घरी चल."

ती म्हणाली, "कोणाच्या?"

ती पुढे म्हणाली, "हे बघ, मी हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. आईने इतकी वर्षं तुझ्या हातचं पाणी प्यायलं. तिच्या लेकाला कोर्टात उभा करून मी वर जाऊन तिला काय तोंड दाखवू? पण एक सांगते. मला वाटलं होतं तू तरी तिथे नाही म्हणशील. शेवटच्या क्षणाला तरी." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आता मला माहेर नाही. हे तू केलंस. तेवढं लक्षात ठेव." ई-रिक्षा थांबवली, "चारबाग" म्हणाली आणि बसली. डब्यातल्या उरलेल्या दोन दशम्या फडक्यात बांधून माझ्या हातात देऊन गेली, प्रवासात तिला लागतील हे माहीत असून.

अर्ज फेटाळला गेला. माझी नोकरी राहिली. मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. तिने ऐकून घेतलं आणि मागच्या खोलीतली गादी उन्हात टाकायला घेऊन गेली. ती अजून दर आठवड्याला ती खोली झाडते. मी तिथे जात नाही.

महिन्याने मी ताईला फोन केला. म्हणालो, अर्धं घर तुझ्या नावावर करतो, दानपत्र करतो, सगळे कागद तयार आहेत, तू नुसती ये. ती म्हणाली, "दान? आईच्या घरात तू मला दान देणार? नको बाबा. मला दान नको होतं. विचारायला हवं होतंस फक्त." मी म्हणालो, चुकलो. ती म्हणाली, "माहीत आहे." मग सुनेची तब्येत, पाऊसपाणी, माझी शुगर असं थोडं बोललो. या भाऊबीजेला तिचा फोन आला नाही. मी केला. तिने उचलला, आशीर्वाद दिला. चंद्राला ओवाळलंस का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी कोर्टातून तिच्या बयानाची नक्कल काढून आणली आहे. वकीलसाहेब म्हणाले, आता काय करणार त्याचं, केस तर संपली. कपाटात ठेवली आहे. टाइपिस्टने आधी घाईने टाइप केलेलं "यह कहना गलत है कि" तसंच राहून गेलंय, नंतर पेनाने खोडलंय, आणि त्या खोडण्याच्या शेजारी जजच्या बारीक सहीखाली ताईचं उत्तर आहे. सगळ्यात खाली ते नाव, सुटं सुटं.

ते मी इथे लिहिलं नाही, लिहिणारही नाही. लहानपणी त्या नावाने तिला हाक मारणारे आई-वडील गेले, चाची गेल्या. मी तर जन्मभर ताईच म्हणत आलो. अडतीस वर्षांनी मी ते कागदावर लिहिलं, ती कोणाला सापडू नये म्हणून. आणि तिने ते शेवटचं लिहिलं ते त्या पानावर, माझ्या खोट्याच्या खाली.